दरवर्षी छाटणी करूनही फांद्या का कोसळतात? सोसायटीच्या आवारातील झाडांचे समस्या निवारण

मे महिन्यात झाडे छाटून घेतली, फांद्यांचे दोन टेम्पो भरून गेले, कंत्राटदाराचे बिल चुकते झाले, आणि तरीही जुलैच्या पहिल्या जोरदार वाऱ्यात वाहनतळावर फांदी कोसळली, ही तक्रार एखाद्या गृहनिर्माण संस्थेत एकदा सुरू झाली की ती दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत येते. सभेत ठरते की यंदा छाटणी कमी पडली, पुढच्या वर्षी जास्त छाटू. पुढच्या वर्षी जास्त छाटणी होते आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात आणखी फांद्या पडतात. पुण्यातील आमच्या संस्थेत हे चक्र सहा वर्षे चालले. त्या काळात मी व्यवस्थापक समितीवर होतो, त्यामुळे त्या चुकांवर माझीही सही आहे. ज्यांच्या आवारात वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, कडुनिंब अशी मोठी झाडे आहेत आणि खर्च करूनही धोका कमी होत नाही, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निदान आधीच सांगून टाकतो. आमच्या आवारात पडलेल्या बहुतेक फांद्या छाटणी कमी झाली म्हणून पडल्या नव्हत्या. त्या तीन-चार वर्षांपूर्वीच्या चुकीच्या छाटणीमुळे पडल्या होत्या.

पडलेली फांदी उचलण्यापूर्वी काय पाहावे

फांदी पडली की आपण प्रथम गाडीचे नुकसान पाहतो, मग विम्याचे कागद शोधतो, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी ती फांदी तोडून फाटकाबाहेर नेऊन टाकतो. तिच्याबरोबर सगळा पुरावाही जातो. म्हणून पहिली सूचना अशी की, फांदी जिथून सुटली त्या टोकाचे आणि झाडावर उरलेल्या जागेचे जवळून छायाचित्र घ्यावे, शक्य असल्यास सुटलेल्या टोकाचा हातभर तुकडा कापून ठेवावा, आणि मगच बाकीचे आवरावे.

आमच्याकडे फाटकाजवळच्या वर्षावृक्षाची मांडीएवढी जाड फांदी पडली, तेव्हा मी पहिल्यांदाच असा तुकडा हातात घेऊन पाहिला. फांदी मोडलेली नव्हती; ती निखळलेली होती. भिंतीत ठोकलेली खुंटी गिलाव्याच्या पोपड्यासकट सुटून यावी, तशी ती बुडाशी दोन-तीन सेंटीमीटर जाडीची ओल्या लाकडाची चकती घेऊन सुटली होती. चकतीच्या मागे मुख्य खोडाचे लाकूड तपकिरी, भुसभुशीत झालेले होते आणि बोटांनी दाबले तर चुरत होते. त्या जागेच्या वरच्या बाजूला, पाच वर्षांपूर्वी आम्हीच छाटून घेतलेल्या खोडाचा सपाट खुंट अजून दिसत होता. फांदी वरून हिरवीगार आणि जोमदार होती, म्हणून तिच्याकडे धोका म्हणून कोणी पाहिलेच नव्हते.

टोक असे निखळलेले आणि मागे कुजलेले असेल, तर कारण बहुधा जुना शेंडा-छाट, म्हणजे शेंडा किंवा जाड फांदी मध्येच आडवी कापणे, हे असते. टोक कुजलेले नसेल आणि निरोगी लाकूड मध्येच फाटून मोडले असेल, तर फांदीच्या टोकाला प्रमाणाबाहेर वजन आलेले असते. फांदी बेचक्यातून उभी चिरली गेली असेल आणि चिरेच्या आत काळपट साल दिसत असेल, तर दोन सारख्या जाडीची खोडे एकमेकांना चिकटून वाढलेली होती आणि मध्ये साल अडकल्यामुळे तिथे जोड कधी बसलाच नव्हता. पूर्ण झाडच मुळासकट आडवे झाले असेल, तर छाटणीचा विचार थोडा बाजूला ठेवून गेल्या काही वर्षांत बुंध्याजवळ कोणी चर खणला, पेव्हर ब्लॉक बसवले, काँक्रीट ओतले किंवा जलवाहिनी टाकली हे तपासावे, कारण झाडाला उभे धरणारी जाड मुळे बुंध्याजवळच आणि फार खोल नसतात. आमच्या मागच्या बाजूचा गुलमोहर असाच गेला. त्याच्या एका अंगाची सगळी मुळे सांडपाण्याच्या चराच्या रेषेत सरळ कापलेली होती, आणि आम्ही मात्र तीन वर्षे त्याच्या वरच्या फांद्या कमी करत बसलो होतो.

शेंडा मारल्यावर झाडात काय घडते

झाडाचा शेंडा किंवा जाड फांद्या मध्येच, जिथे करवत पोहोचेल तिथे, आडव्या कापून टाकण्याला आपल्याकडे सर्रास छाटणी म्हटले जाते. त्यामुळे झाड लहान दिसते, ऊन येते, आणि काम झाल्याचे समाधान मिळते. पण झाडाच्या दृष्टीने एका दिवसात त्याचे बहुतेक अन्न बनवणारे कारखाने बंद पडलेले असतात. सालीखाली वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेले डोळे मग एकाच वेळी जागे होतात आणि साठवलेले अन्न खर्चून कापलेल्या खुंटाभोवती धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. संत्रा-मोसंबीचे बागायतदार अशा सरळसोट, माजलेल्या फुटव्यांना पानसोट म्हणतात आणि ते ठेवत नाहीत. शहरात मात्र आपण त्यांनाच झाड पुन्हा छान फुटले असे म्हणून आनंद मानतो.

नैसर्गिक फांदी खोडातून लहानपणीच निघालेली असते आणि पुढे दरवर्षी खोडाचे व फांदीचे लाकूड एकमेकांत विणले जाऊन सांधा पक्का होत जातो. धुमारा मात्र आधीच जाड झालेल्या लाकडाच्या अगदी बाहेरच्या थरातून निघतो. त्याला आत धरून ठेवणारे काही नसते. तो वर्षाला माणसाच्या उंचीएवढाही वाढू शकतो, म्हणजे वजन झपाट्याने वाढते आणि पकड तेवढ्या वेगाने वाढत नाही. त्याच वेळी खुंटाच्या उघड्या तोंडातून कूज आत उतरत असते. तीन-चार पावसाळ्यांनी या दोन गोष्टींची गाठ पडते आणि फांदी सुटते. त्यानंतर आपण जास्त छाटायचे ठरवतो, म्हणजे आणखी खुंट तयार करतो.

झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही, हे समजल्याशिवाय पुढचे नियम पटत नाहीत. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतील कूज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि १९७० च्या दशकात असे मांडले की झाड खराब झालेले लाकूड दुरुस्त करत नाही, तर त्याच्याभोवती रासायनिक आणि रचनात्मक भिंती उभारून ते कोंडून टाकते व बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी या कामाची तयारी झाडाने आधीच करून ठेवलेली असते. कुठलीही जुनी फांदी बुडाशी निरखून पाहिली, तर तिथे बांगडी घातल्यासारखा थोडा फुगीर भाग दिसतो आणि वरच्या बेचक्यात साल सुरकुतून उचलल्यासारखी कड दिसते. या फुगीर भागाला पुढे मी कंठ म्हणतो. फांदीचा छेद या कंठाच्या लगेच बाहेर घेतला, तर भिंत उभी राहते. कंठासकट खोडाला घासून कापले, तर भिंतच कापली जाते. कंठापासून हातभर लांब कापले, तर उरलेला खुंट वाळतो आणि कुजीला आत जाण्याचा बोगदा होतो.

आपल्याकडे पूर्वी खोडाशी अगदी सपाट, गुळगुळीत छेद घेणे हेच कुशलतेचे लक्षण मानले जाई आणि अजूनही काही जुने माळी तसेच शिकवतात. तो छेद दिसायला सुबक असतो हे खरे, परंतु जखम कितीतरी मोठी होते.

छेद कसा घ्यावा

मनगटापेक्षा जाड फांदी एका छेदात कधीही कापू नये, कारण अर्धे कापून झाल्यावर ती स्वतःच्या वजनाने खाली येते आणि बुंध्याची साल पट्ट्यासारखी ओढून नेते. अशी फाटलेली साल हा कायमचा व्रण असतो. तीन छेदांची पद्धत यासाठीच आहे. पहिला छेद कंठापासून सुमारे ३० सेंटीमीटर बाहेर, फांदीच्या खालच्या बाजूने वर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाएवढा घ्यावा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, टोकाकडे, वरून खाली घ्यावा. फांदी इथे सुटते आणि फाट पहिल्या छेदापाशी अडते. वजन उतरल्यावर उरलेला खुंट तिसऱ्या छेदाने कंठाच्या बाहेर, हाताने धरून, सावकाश काढावा. खाली गाड्या, पत्रे किंवा भिंत असेल तर फांदी मोकळी न सोडता दोराने बांधून उतरवली पाहिजे, आणि त्यासाठी खाली दोर सांभाळणारा वेगळा माणूस लागतो.

लांब फांदी पूर्ण न काढता आखूड करायची असेल, तर ती मध्येच न तोडता तिच्यावरील अशा उपफांदीपर्यंत मागे आणावी, जिची जाडी मूळ फांदीच्या निदान एक-तृतीयांश असेल. तेवढ्या जाडीची उपफांदी शेंड्याचे काम हाती घेऊ शकते आणि धुमाऱ्यांचा झुपका फुटत नाही. नेमकी अशी उपफांदी शोधायला झाडावर चढूनच पाहावे लागते, आणि म्हणूनच खालून बोट दाखवून ‘ही घे, ती घे’ असे सांगत केलेली छाटणी बहुधा बिघडते.

एका हंगामात जिवंत पालव्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समजावी. वयस्क झाडाच्या बाबतीत दहा-पंधरा टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे असते. १० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या जखमा झाकल्या जायला अनेक वर्षे लागतात, म्हणून एका मोठ्या छेदापेक्षा बाहेरच्या भागातील चार लहान छेद पत्करावेत. आतील बारीक फांद्या मात्र साफ करू नयेत. आमच्या एका कंत्राटदाराला हवा खेळती ठेवण्याची भारी हौस होती. त्याने फांद्यांचा आतील सगळा पालवा खरवडून काढला आणि फक्त टोकांना झुपके ठेवले. प्रत्येक फांदी चवरीसारखी दिसू लागली. आतील पालवा फांदीचे हेलकावे मोडत असतो. तो गेल्यावर सगळा वारा टोकाशी लागतो, आणि निरोगी लाकूड मध्येच मोडण्याचे प्रकार तिथून सुरू झाले. गाड्यांना अडथळा नको म्हणून खालच्या फांद्या एका वर्षात सपासप कापून पालवा वर चढवत नेण्याचाही परिणाम असाच होतो.

छेदावर डांबर, ऑइल पेंट किंवा गेरू फासल्याने कूज थांबते असा समज पक्का आहे, परंतु सावलीच्या मोठ्या झाडांच्या बाबतीत तसे आढळलेले नाही, आणि लेपाखाली ओल कोंडून राहिली तर कुजीलाच सोय होते. फळबागेत विशिष्ट रोगांसाठी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, तो विषय वेगळा आहे. योग्य जागी घेतलेला छेद उघडा ठेवला तरी चालतो, आणि चुकीच्या जागी घेतलेला छेद लेप लावून सुधारत नाही.

काळाविषयी थोडे. मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने करून घेतलेली छाटणी ही सर्वांत गैरसोयीची असते, कारण तेव्हा प्रत्येक कंत्राटदार व्यस्त असतो, झाडाने नवा पालवा काढण्यात अन्न खर्च केलेले असते आणि अनेक पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि घरट्यांना उपद्रव देणे हेही येते, याची जाणीव फार थोड्या समित्यांना असते. वर्षावृक्ष, गुलमोहर अशा पानगळ होणाऱ्या झाडांची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्याआधी केली तर सांगाडा स्पष्ट दिसतो आणि वसंतातील वाढ जखमा झाकण्याच्या कामी येते. गुलमोहराची त्या वर्षीची थोडी फुले जातात, ती जाऊ द्यावीत. वठलेली किंवा तुटून अडकलेली फांदी मात्र कोणत्याही महिन्यात काढावी. नारळाच्या फक्त वाळलेल्या झावळ्या आणि फळे उतरवावीत; त्याला शेंडा एकच असतो आणि तो कोंब गेला की माड गेला. कुंपणालगत ओळीने लावलेल्या खोट्या अशोकाचे शेंडे छाटून त्यांचे खराटे करण्याची पद्धत कशी रूढ झाली, हे मला आजवर समजलेले नाही.

आधीच बिघडलेल्या झाडाचे काय करावे

बहुतेक वाचकांची झाडे कधी ना कधी शेंडा मारलेली असणार, आणि त्यांच्यासाठी खरा प्रश्न हा आहे. आता धुमारे वाढू दिले तर ते पडतील आणि सगळे काढले तर झाड पुन्हा तेवढेच फुटेल किंवा अन्नसाठा संपून वठेल. मार्ग संथ आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक खुंटावरील धुमाऱ्यांपैकी दोन-तीन, एकमेकांपासून अंतर असलेले आणि बाहेरच्या दिशेने निघालेले निवडून ठेवावेत, उरलेल्यांपैकी काही बुडापासून काढावेत आणि काहींना आखूड करून मागे ठेवावे. पुढच्या दोन-तीन वर्षांत उरलेले टप्प्याटप्प्याने कमी करावेत, निवडलेल्यांची लांबी उपफांदीपर्यंत मागे आणत राहावी, आणि खुंटाचा वाळलेला भाग जिवंत लाकूड न दुखवता काढावा. खुंट आतून पोकळ असेल तर त्यावरील फांद्यांना मोठे होऊच देऊ नये.

लाकडी हातोड्याने खोडावर ठोकून पोकळ आवाज येतो का, बुंध्यावर किंवा जाड मुळांवर फळीसारखी अळंबी उगवली आहे का, साल सुटते आहे का, झाड पूर्वीपेक्षा कलले आहे का आणि कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमीन फुगली किंवा भेगाळली आहे का, एवढी पाहणी कोणीही करू शकतो. यांपैकी शेवटची खूण दिसली तर छाटणीची वाट न पाहता त्या बाजूची वर्दळ थांबवून जाणकाराला बोलवावे. काही झाडे वाचत नाहीत आणि ती रीतसर परवानगीने काढावी लागतात. चुकीच्या छाटणीने त्यांचा बांबू करून उभे ठेवणे याला मी संवर्धन म्हणत नाही.

परवानगीचा टप्पा

महाराष्ट्रातील शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी करतात. या कायद्यात झाड पाडणे याचा अर्थ व्यापक आहे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याची हानी करणेही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले आहे, आणि जुन्या वसाहतींतील बरेच वर्षावृक्ष या वयात बसतात. झाड आपल्या आवारात आहे म्हणजे वाटेल तसे छाटता येते, असे नाही. पुणे-मुंबईसारख्या शहरांत उद्यान विभागाकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, पाहणी होते आणि मगच पत्र मिळते. खासगी आवारातील छाटणीचा खर्च संस्थेला करावा लागतो. अर्जात नुसते ‘झाडे धोकादायक आहेत’ असे न लिहिता प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, कोणती फांदी आणि का, हे छायाचित्रांसह लिहिले तर पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते. हा अर्ज डिसेंबरात करावा. फांद्या विजेच्या तारांजवळ असतील तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढवू नये. ओल्या फांदीतून प्रवाह येतो.

वृक्षतज्ज्ञ कसा निवडावा

आमची मूळ चूक कापण्यात नव्हती, माणूस निवडण्यात होती. आम्ही तीन दरपत्रके मागवली आणि सर्वांत कमी दराचे स्वीकारले. तो दर कमी का होता हे कोणी विचारले नाही. त्यात एक ओळ होती: निघालेले लाकूड कंत्राटदाराचे राहील. ज्याला लाकूड विकून उत्पन्न मिळणार आहे तो बारीक फांद्या कशाला कापेल? तो जाड, वजनदार, सरळ लाकूड बघूनच करवत लावणार. त्या ओळीने आमच्या झाडांचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही वादळाने केलेले नाही. लाकडाचा व्यवहार मजुरीपासून पूर्ण वेगळा ठेवावा, ही या संपूर्ण लेखातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना आहे.

डॉक्टरला लागतो तसा नोंदणीचा परवाना आपल्याकडे वृक्षतज्ज्ञाला लागत नाही, त्यामुळे करवत आणि दोर असलेला कोणीही फलकावर तज्ज्ञ असे लिहू शकतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ पासूनची संस्था अनुभव आणि परीक्षेच्या आधारे आर्बोरिस्टना, म्हणजे वृक्षतज्ज्ञांना, प्रमाणपत्र देते, ते ठरावीक काळाने नूतनीकृत करावे लागते, आणि प्रमाणपत्र चालू आहे की नाही हे तिच्या संकेतस्थळावर पडताळता येते. भारतात असे प्रमाणपत्रधारक थोडे आहेत, म्हणून ते न मिळाल्यास काम अडवून ठेवावे असे मी म्हणणार नाही. वनस्पतिशास्त्राची किंवा उद्यानविद्येची पदवी असलेली अनुभवी व्यक्ती झाडांची पाहणी करून लेखी अहवाल देऊ शकते आणि चढून काम करणारी तुकडी वेगळी असू शकते. आम्ही शेवटी असेच केले. पाहणी करणाऱ्याचे मानधन किती फांद्या कापल्या यावर अवलंबून नसते, हा त्यातील मोठा फायदा.

मुलाखतीत मी एक प्रश्न मुद्दाम विचारतो: ‘हे झाड तिसऱ्या मजल्याच्या खाली आणून द्याल का?’ लगेच हो म्हणणाऱ्याला चहा देऊन निरोप द्यावा. चांगला माणूस उलट विचारतो की तुम्हाला नेमकी अडचण काय आहे, ऊन हवे आहे, गाडीवर फांदी पडण्याची भीती आहे की खिडकीला पाने लागतात. ज्यांना आम्ही काम दिले ते गृहस्थ पहिल्या दिवशी काहीच न कापता दोन तास झाडाखाली फिरले, मुळांजवळची माती उकरून पाहिली आणि गेल्या दहा वर्षांत आवारात कुठे कुठे खोदकाम झाले हे रखवालदाराला विचारले. मला तो प्रश्न सुचलाही नव्हता.

तुकडीची साधनेही बोलतात. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणारा प्रत्येक पावलाला जखम करतो, म्हणून असे बूट केवळ पाडायच्या झाडावर चालतात. हार्नेस, चढण्याचा दोर, शिरस्त्राण, हातकरवत आणि खाली दोर सांभाळणारा माणूस हे किमान आहे. कमरेला काथ्याचा दोर गुंडाळून आणि हातात कोयता घेऊन वर गेलेल्या मजुराचा जीव आपल्या आवारात टांगणीला लागलेला असतो. कामावर मजुराला इजा झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या दायित्वासाठी काढलेली विमा पॉलिसी आणि त्रयस्थ नुकसानीचा विमा, या दोन्हींच्या प्रती काम सुरू होण्याआधी मागाव्यात. मागितल्यावर जो नाराज होतो त्याच्याकडे त्या नसतात.

कार्यादेशात ‘सर्व झाडांची ट्रिमिंग करणे’ असे लिहिणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करणे होय. आमच्या आताच्या कार्यादेशातील एक ओळ नमुन्यादाखल देतो: ‘झाड क्र. ४, वर्षावृक्ष, आग्नेयेकडील दुसरी फांदी, वाहनतळावर झुकलेली; टोकाकडून साधारण दोन मीटर, खडूने खूण केलेल्या उपफांदीपर्यंत मागे आणणे; छेदाची जाडी ८ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी; आतील पालवा काढू नये.’ खाली तीन अटी सर्व झाडांना लागू आहेत: शेंडा मारायचा नाही, कंठाला धक्का लावायचा नाही, आणि खुंट ठेवायचा नाही. एक चतुर्थांश रक्कम पाहणी अहवाल देणाऱ्याने काम तपासल्यानंतर दिली जाते.

दर सुरुवातीला जास्त वाटतो आणि सभेत त्यावर आवाज चढतात. आमच्याकडेही चढले. त्यावर मी मागील सहा वर्षांची छाटणीची बिले आणि फांद्यांमुळे झालेली दुरुस्तीची बिले एका कागदावर मांडली, त्यानंतर विषय मंजूर झाला. दरवर्षीची सरसकट छाटणीही बंद झाली. आता पाहणी दरवर्षी होते आणि छाटणी ज्या झाडाला लागेल त्याचीच होते.

फाटकाजवळच्या त्या वर्षावृक्षाला आता चौथे वर्ष सुरू आहे. जुन्या खुंटांवर मिळून अठ्ठावीस धुमारे होते, त्यांतले नऊ उरले आहेत. पहिल्या वर्षी कंठाबाहेर घेतलेल्या एका छेदाभोवती चारही बाजूंनी गोल, गुळगुळीत कड चढत आली आहे आणि मध्ये रुपयाएवढी जागा उघडी आहे. उत्तरेकडचा एक खुंट मात्र आतून पोकळ निघाला. त्यावरचे दोन धुमारे येत्या फेब्रुवारीत काढायचे आहेत, त्यासाठीचा अर्ज उद्यान विभागाकडे गेला आहे, आणि तोवर त्याखालची गाड्या लावण्याची जागा साखळी लावून बंद ठेवली आहे.